तक्रार मी केली आणि चाकणला जायचं तेही मीच?

सँडलॅबवाली, २३ सप्टेंबर २०२५

नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून कास्टिंग करतात त्या कारखान्यात, सँड लॅबला आहे. अकरा वर्षं झाली. आधी काम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मोल्डिंगच्या मिक्सरमधनं वाळूचा नमुना आणायचा, ओलावा बघायचा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दबते), परमिअ‍ॅबिलिटी (हवा किती आरपार जाते), ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या वाळूची ताकद) काढायची, रजिस्टरला लिहायचं आणि आकडा हलला की पळत जाऊन मिक्सरवाल्याला सांगायचं. पाणी जरा जास्त झालं तर कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत पोकळ भोकं, येतात आणि अख्खी हीट (एका वेळी वितळवलेला सगळा माल) रिजेक्ट होते. बारावी सायन्स झालेय, बाकी सगळं हितंच शिकले. मूठभर वाळू दाबून मोडली तरी मला अंदाज येतो.

जूनपासनं आमच्या पाळीतल्या एका वरिष्ठांचा त्रास सुरू झाला. काय काय झालं ते इथं लिहीत नाही, समितीला सगळं लिहून दिलंय. दोन महिने सोसलं. १३ ऑगस्टनंतर मात्र गप्प बसवेना. १ सप्टेंबरला अंतर्गत तक्रार समितीकडं, कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर जिच्याकडं जायचं तिच्याकडं, अर्ज दिला. समितीची पाटी कॅन्टीनच्या भिंतीवर पाच-सहा वर्षं लटकतेय, तिच्याकडं जाणारी मी पहिलीच. अर्जाच्या सहा प्रती द्यायच्या असतात हे सुद्धा पाटीखालचा नंबर फिरवल्यावर कळलं.

९ तारखेला समितीनं बोलावलं. अध्यक्ष आमच्याच अकाउंट्सच्या मॅडम, दोघं स्टाफमधले आणि बाहेरच्या एका संस्थेतल्या बाई. विचारलं, तुमची अपेक्षा काय? मी म्हटलं, चौकशी होईपर्यंत माझी आणि त्यांची पाळी एक नको, एवढंच करा. कुणी ते लिहून घेतलं का नाही मला दिसलं नाही.

१९ तारखेला पाळी सुटताना टाइम ऑफिसात बोलावून पाकीट दिलं. "प्रशासकीय कारणास्तव आपली बदली चाकण युनिटला करण्यात येत आहे. दि. २९ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे हजर व्हावे." मी वाचलं आणि परत वाचलं. चाकणला आमच्या कंपनीची फौंड्रीच नाही. मशीन शॉप आहे आणि गोडाऊन. तिथं वाळूच नाही तर मी तपासू काय?

तसं विचारलं, तर पर्सोनेलचे साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या सुरक्षिततेसाठीच केलंय. तिथं तुम्हाला कोण त्रास देणार?" आणि ते वरिष्ठ? ते आहेत तिथंच आहेत. काल घटस्थापनेला लाइनवर नारळ त्यांनीच फोडला.

घरी मुलगा दहावीला. सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, त्यांना उठवायला-बसवायला मी आणि नवरा दोघं लागतो. चाकण इथनं अडीचशे किलोमीटर. नवरा म्हणतो लढ, दीर म्हणतात राजीनामा दे आणि मोकळी हो. मला सगळ्यात जास्त लागलं ते कोअर शॉपमधल्या (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या) दोघींचं बोलणं. "बघ, म्हणून आम्ही तोंड उघडलं नव्हतं." म्हणजे त्यांनाही त्रास आहे. आणि माझं पाकीट बघून त्या आता कायमच्या गप्प बसणार.

२०१४ च्या माझ्या नेमणूक पत्रात "कंपनीच्या कोणत्याही युनिटमध्ये बदली होऊ शकते" असं आहे, खाली माझी सही आहे. मग हे कायद्यात बसतं का? २९ ला गेले नाही तर काय होईल? पाकीट घेताना मी सही केलीय, म्हणजे मी बदली मान्य केली असं होतं का? कुणाला माहीत असेल तर सांगा. दिवस सहाच उरलेत.

---

शाहूपुरीचा, २३ सप्टेंबर

ताई, अजिबात जायचं नाही. २९ ला इथंच गेटवर हजर व्हायचं. कोण आडवतंय बघू. लागलं तर आम्ही चार पोरं येतो.

---

काळा_कोट, २३ सप्टेंबर, रात्री

वरच्या दादांची तळमळ कळते, पण नुसतं गेटवर उभं राहण्याचा सल्ला ऐकू नकोस. मी कोल्हापुरात कामगारांच्या केसेस चालवते, सत्तावीस वर्षं झाली. तू माझ्यापेक्षा बरीच लहान असशील म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नको.

आधी तुझ्या सहीचं. ती पत्र मिळाल्याची पोच आहे, संमती नाही. उद्याच एक अर्ज दे, "पत्र मिळाले, बदलीस माझी हरकत आहे", आणि त्यावर शिक्क्यासह पोच घे. घेत नसतील तर स्पीड पोस्ट कर.

आता मुख्य गोष्ट. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्याचं कलम १२ काढून वाच. चौकशी चालू असताना बदली करता येते, तक्रारदार बाईची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची. पण त्यासाठी त्या बाईनं लेखी मागणी केली पाहिजे आणि समितीनं मालकाला तशी शिफारस केली पाहिजे. तुझ्या बाबतीत तू मागितलं नाहीस आणि समितीनं सुचवलं नाही. मग "तुझ्या सुरक्षिततेसाठी" हे शब्द पर्सोनेलनं आणले कुठून? कलम १२ ची बदली तुझा हक्क म्हणून कायद्यात घातलेली आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं अशाच छळावर विशाखा निकाल दिला, तेव्हाच सांगितलं होतं की आपली बदली मागायची की त्रास देणाऱ्याची, हा पर्याय त्रास झालेल्या बाईचा. तक्रारदाराला आणि साक्षीदारांना तक्रारीपायी झळ पोचता कामा नये, हेही त्याच निकालात आहे.

तरी एक खरं ते सांगते, नाहीतर कंपनीचा वकील कोर्टात सांगेल आणि तू गडबडशील. कलम १२ मध्ये बसत नाही एवढ्यावर आदेश आपोआप रद्द होत नाही. कंपनी म्हणणार, आम्ही कलम १२ लावलंच नाही, नेमणूक पत्रातल्या अटीप्रमाणे नेहमीची बदली केली. म्हणूनच पत्रात "प्रशासकीय कारणास्तव" लिहिलंय आणि सुरक्षिततेचं फक्त तोंडी सांगितलंय. बदली हा नोकरीचा भागच आहे आणि त्यात कोर्ट सहसा हात घालत नाही, हेही निकालांत पुन्हा पुन्हा आलंय. हात घालतं ते दोन वेळेला. नियम मोडला असेल तर, किंवा आदेशामागचा हेतू वाईट असेल तर.

हेतू कागदावर कुणी लिहीत नाही, तो आजूबाजूच्या गोष्टींवरून दाखवावा लागतो. २०२० चा पंजाब अँड सिंध बँक विरुद्ध दुर्गेश कुवर हा निकाल तुझ्या कामाचा आहे. दुर्गेशबाई बँकेच्या इंदूरच्या शाखेत चीफ मॅनेजर होत्या. दारूच्या ठेकेदारांच्या खात्यांतले घोळ त्यांनी वर कळवले होते, वरिष्ठाविरुद्ध छळाची तक्रारही होती. त्यांना जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा शाखेत टाकलं. ती शाखा त्यांच्या हुद्द्याहून कितीतरी खालच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची. न्यायालयानं ही बदली टिकू दिली नाही, त्यांना वर्षभर इंदूरला ठेवायला सांगितलं आणि बँकेनं पन्नास हजार खर्च द्यायचा असंही सांगितलं. समितीतला बाहेरचा सदस्य त्या बँकेच्याच पॅनेलवरचा वकील होता, यावरही न्यायालयानं बोट ठेवलं. तुझ्या समितीतल्या बाहेरच्या बाई खरंच बाहेरच्या आहेत का, तेही बघ.

दुर्गेशबाईंना खालच्या हुद्द्याच्या शाखेत पाठवलं. तुला जिथं पाठवतायत तिथं तुझं कामच नाही. सँड लॅबची बाई, जिथं वाळू नाही अशा ठिकाणी. तक्रार १ तारखेची, आदेश १९ चा. याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो. २००८ च्या सोमेश तिवारी निकालात तर सरळ म्हटलंय की शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा.

फरक इतकाच की दुर्गेशबाईंची बँक सरकारी होती, त्यामुळे उच्च न्यायालयात थेट अर्ज, म्हणजे रिट, चाललं. तुझी कंपनी खासगी, तिच्यावर थेट रिट सहसा चालत नाही. तुझी वाट औद्योगिक न्यायालयातून जाते. १९७१ चा आपला महाराष्ट्राचा कायदा आहे, अनुचित कामगार प्रथांचा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत तिसरी नोंद हीच आहे, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूनं केलेली बदली. नव्वद दिवसांत तक्रार करता येते आणि तातडीची मनाईही मागता येते. तू हातानं, तांत्रिक काम करतेस, तुझ्या हाताखाली माणसं नाहीत, म्हणजे "कामगार" म्हणून तू बसतेस. पदाच्या नावात कुठं "ऑफिसर" किंवा "सुपरवायझर" घुसवलं असेल तर मला सांग. नावावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं, पण तयारी लागते.

२९ चं. मनाई नसताना नुसतं घरी बसू नकोस. हरकतीचा अर्ज दिलाय म्हणून हजर न राहिलं तरी चालेल, असं होत नाही. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं गुजरात वीज मंडळाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तू गैरहजर राहिलीस की कंपनी गैरवर्तनाचं आरोपपत्र देईल आणि मूळ छळाचा विषय राहील बाजूला. त्यांना तेच हवं असतं. म्हणून २९ च्या आधी कोर्टात जायचं.

आणि हो, कलम १६ प्रमाणे तक्रारीतला मजकूर आणि नावं बाहेर जाता कामा नयेत. तू नाव घेतलं नाहीस हे चांगलं केलंस. आणखी तपशील इथं टाकू नकोस.

---

पर्सोनेल_कागल, २४ सप्टेंबर

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात पर्सोनेलला आहे. ताई, तुमचा मजकूर वाचला आणि रात्री झोप आली नाही. २०२१ साली असंच एक पत्र मी स्वतः टाइप केलंय. "प्रशासकीय कारणास्तव." त्या ताई महिनाभरात राजीनामा देऊन गेल्या. तेव्हा मला वाटलं, प्रकरण मिटलं. आज तसं वाटत नाही.

आत काय चालतं ते सांगतो. मालकासमोर विषय येतो तेव्हा कायदा येत नाही, उत्पादन येतं. लाइनवरचा वरिष्ठ हलवला तर लाइनचा खोळंबा होईल, लॅबमधली बाई हलवली तर कुणाचं काही अडत नाही. हा हिशेब पाच मिनिटांत होतो. समितीला विचारतच नाहीत. कलम १२ प्रमाणे समितीनं शिफारस केली की मालकाला ती अमलात आणून समितीला तसं कळवावं लागतं. मालकानं परस्पर बदली करायची आणि समितीला नंतर कळायचं, हा उलटा कारभार आहे. पण समितीतली माणसं पगार त्याच मालकाचा घेतात, त्यामुळे अध्यक्ष मॅडमना दोष देण्याआधी त्यांचीही अडचण बघा. बाहेरच्या बाईंना गाठा. त्यांना कुणाची भीती नाही.

समितीला आजच लेखी अर्ज द्या. तुम्ही ९ तारखेला जे तोंडी बोललात, तेच कागदावर. कलम १२ खाली मागणी करा की संबंधित वरिष्ठांची पाळी बदला. आणि त्याच कायद्याच्या नियमांतल्या नियम ८ खाली मागा की चौकशी होईपर्यंत तुमच्या कामाचा अहवाल त्यांनी लिहायचा नाही, दुसऱ्या अधिकाऱ्यानं लिहायचा. हा नियम फार जणांना माहीत नसतो. इन्क्रिमेंटच्या वेळी हाच अहवाल पुढं येतो. तीन महिन्यांपर्यंत जादा रजाही मागता येते, पण तुम्हाला कामावरच राहायचंय तर ती मागू नका, नाहीतर म्हणतील बाईलाच इथं नको होतं.

कंपनीला लेखी विचारा, चाकणला माझं पद आहे का? या अकरा वर्षांत सँड लॅबमधलं कोण चाकणला गेलं? माझ्या जागी इथं कोण येणार? उत्तर दिलं तरी तुमच्या फायद्याचं, नाही दिलं तरी तुमच्याच.

---

दुसरी_बाजू, २४ सप्टेंबर

मी बोललो तर लोक तुटून पडतील, तरी बोलतो. २०२२ ला माझ्याविरुद्ध तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातनं रत्नागिरीला. चार महिन्यांनी समितीनं आरोप सिद्ध होत नाहीत असं लिहिलं. मी अजून रत्नागिरीतच आहे. आई गेली तेव्हा आंबा घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. ताईंवर अन्याय झालाय हे मला दिसतंय. पण चौकशीआधी पुरुषाला हलवा, असं सगळे म्हणतात तेव्हा माझ्यासारख्याचं काय?

---

काळा_कोट, २४ सप्टेंबर

तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, दादा. तुटून कुणी पडणार नाही.

कलम १२ ची बदली "चौकशी प्रलंबित असताना" या शब्दांना बांधलेली आहे. ती शिक्षा नाही, चौकशी मोकळेपणानं व्हावी म्हणून केलेली तात्पुरती सोय आहे. पगार, हुद्दा, काम सारखंच राहायला हवं. आरोप सिद्ध झाले नाहीत तर कलम १३ प्रमाणे समिती कारवाईची गरज नाही असं कळवते, आणि मग ती सोय पुढं चालू ठेवायला आधार उरत नाही. तुम्हाला परत आणायला हवं होतं. त्या अहवालाची प्रत जोडून आजही लेखी मागणी करा. मात्र एक लक्षात घ्या. सिद्ध झालं नाही म्हणजे तक्रार खोटी होती असा अर्थ कायदा काढत नाही, कलम १४ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय.

या ताईंना न विचारता हलवलं, तुम्हाला हलवून विसरले. दोन्हीकडं समितीचा कागद बाजूला ठेवून मालकानं आपल्या सोयीनं कारभार केला.

---

सँडलॅबवाली, १२ ऑक्टोबर २०२५

सगळ्यांचे आभार मानायला आणि पुढं काय झालं ते सांगायला आले. घरात दसरा कसा गेला कळलंच नाही.

२४ लाच समितीकडं लेखी अर्ज दिला, पाळी बदलायचा आणि नियम ८ चा. पर्सोनेलच्या दादांनी सांगितलेले तीन प्रश्नही कंपनीला पाठवले. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. वकीलताईंनी मला त्यांच्या ऑफिसात बोलावलं, फी नंतर बघू म्हणाल्या. माझं नेमणूक पत्र, बदलीचं पत्र, अकरा वर्षांच्या पगाराच्या पावत्या, सगळं जुन्या बिस्किटाच्या डब्यात होतं, डबाच घेऊन गेले. पदाचं नाव "लॅब असिस्टंट" निघालं. ते बघून ताई हसल्या, पहिल्यांदाच.

२६ ला औद्योगिक न्यायालयात तक्रार दाखल झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात उभी राहिले. कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली. न्यायाधीशांनी विचारलं, चाकणला यांच्यासाठी काम काय आहे? ते म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. मग कंपनीच्या वकिलांनीच लिहून दिलं की पुढच्या तारखेपर्यंत बदलीची अंमलबजावणी करणार नाही. म्हणजे बदली रद्द झालेली नाही, थांबलीय. पुढची तारीख ७ नोव्हेंबर. वर जायची वेळ आली तरी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्टपासनं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ) कोल्हापुरातच बसतंय, सीपीआर दवाखान्याच्या समोर, असं ताई म्हणाल्या. वर जायची वेळ येऊ नये असं मला वाटतं.

समितीची बैठक ६ ऑक्टोबरला झाली. बाहेरच्या बाईंनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला आणि अध्यक्ष मॅडमना विचारलं, १९ तारखेच्या पत्राआधी समितीला विचारलं होतं का? मॅडम खाली बघत नाही म्हणाल्या. समितीनं शिफारस लिहिली. ते वरिष्ठ आता दुसऱ्या पाळीत आहेत, मी पहिलीत. माझा अहवाल मेल्टिंगचे साहेब लिहिणार. चौकशी चालू आहे. नव्वद दिवस धरले तर नोव्हेंबरअखेर संपायला हवी. जी माणसं माझ्या बाजूनं बोलायला तयार होती त्यातलं एकजण आता नको म्हणतंय, ठेकेदाराकडचा पोरगा आहे, त्याला दोष देत नाही.

लाइनवरचे काहीजण बोलत नाहीत. मिक्सरवाले मामा मात्र रोज सकाळी नमुन्याचं भांडं स्वतः धुऊन ठेवतात, पूर्वी कधी ठेवत नव्हते.

दुसरी बाजूवाल्या दादांनाही सांगते, तुम्ही अर्ज द्या.

काल डबा खाताना कोअर शॉपमधली एक शेजारी येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली. हात धुवायला उठताना हळूच विचारलं, "प्रती सहाच लागतात का ग?"

सहा, म्हटलं. आणि सातवी आपल्याजवळ, पोच घेऊन.